राबाला छप्पर नसतं

६. दर महिन्याला आगीचा सराव होईल. सर्व मुलींनी हजर राहावे.

मी खालून सुरुवात केली. सहावा नियम आधी लिहिला.

"अगं, वरनं लिही की," मंगलताई म्हणाल्या. "खालनं लिहिलंस तर वरचं लिहिताना बाही लागून सगळं पुसंल."

मंगलताई आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर. भोरहून उत्रोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आमची दुमजली इमारत आहे, आठ खोल्या, तेवीस मुली. काळा फलक जिन्याच्या तोंडाशी भिंतीला टेकवलेला. माझं अक्षर चांगलं म्हणून काम मला मिळालं. दोऱ्याला खडू लावून सहा रेघा मीच मारल्या होत्या, वर मथळ्यासाठी जागा सोडली होती.

"खालून जागेचा अंदाज येतो," मी म्हटलं.

अंदाज कसला. पहिला नियम दाराचा आहे, आणि मला त्याच्यापासून जमेल तेवढा वेळ लांब राहायचं होतं.

आधी सगळं सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला जागा राहणार नाही.

बारा दिवसांपूर्वी आमच्या सात नंबरच्या खोलीला आग लागली. माझ्या खोलीतली शिवानी भाजली, उजवा हात कोपरापर्यंत. वर गेलेल्या अहवालात लिहिलंय की शेगडी शिवानीची होती आणि ती दार उघडं टाकून पळाली, त्यामुळे आग व्हरांड्यात आली. संस्थेनं तिला काढलं. आज तिचे वडील किल्ल्याच्या पायथ्याच्या पालीहून तिची पेटी न्यायला येणार आहेत. पेटी गेली की भोरमध्ये तिला राहायला जागा नाही. पालीहून रोज एसटीनं येऊन बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देता येत नाही, तीही भाजलेल्या हातानं. म्हणजे वर्ष गेलं.

दार शिवानीनं लावलं होतं. उघडलं मी.

हे दोघींनाच माहीत आहे. तिच्याकडं दवाखाना आहे, माझ्याकडं रंगाचा डबा.

सहाव्या नियमाकडं परत. सराव. जानेवारीत झाला होता एकदा. अग्निशमनचे एक साहेब आले होते, बारीक मिशीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. अंगणात पत्र्याच्या डब्यात कागद पेटवून दाखवत होते. म्हणाले, "खोलीत आग दिसली, की बाहेर पडा आणि दार बंद करून घ्या. उघडं ठेवू नका."

मी हात वर केला. परवानगीसाठी नाही. तो आपोआप गेला.

"आन् धुरानं कुठं जायाचं, सायेब?"

मुली हसल्या. मी हिर्डोशीची. गावाकडचं बोलणं मी कॉलेजात लपवते आणि हसू हवं असलं की बाहेर काढते.

"आमी दर वर्साला राब भाजतो," मी म्हटलं. "शेण, पाला, टहाळं, सगळं वावरात पसरून पेटवायचं. भाताचं रोप त्याच मातीत येतं. माजी आय म्हनती, धुराला वाट दिली की आग शानी व्हते. आन् तुमी दार लावायला सांगताय."

परत हसल्या. शिवानी सोडून. साहेब रागावले नाहीत. काडेपेटी खिशात टाकत म्हणाले, "ताई, राबाला छप्पर नसतं."

त्या वाक्याची नक्कल मी पुढं महिनाभर केली. मिशीवरून बोट फिरवायचं, पोट आत घ्यायचं आणि म्हणायचं, राबाला छप्पर नसतं. मेसमध्ये, बाथरूमच्या रांगेत. त्यांनी वाटलेला कागद कुणी वाचला नाही. कशाला वाचतील? मी आहे ना, माया. मायाला आग कळते.

५. खोलीत शेगडी, कॉईल, पाणी तापवायचा रॉड वापरू नये.

शेगडी शिवानीची, हे खरं. तिच्या घरी किल्ल्यावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी देतात, तिथली जुनी कॉईलची शेगडी तिनं आणली होती. ती चहा करायची. चहापलीकडं काही नाही.

त्या दिवशी ती मी लावली. आईनं गावाकडनं येणाऱ्या बाईबरोबर सुकट पाठवली होती. वरंधा घाट उतरून महाडच्या बाजारातनं आणलेली सुकट. तव्यावर कोरडी परतायची, मग मिरची, कांदा. वास तीन खोल्यांत जातो. मंगलताईंना वास गेला तर शेगडी जाणार, म्हणून मी खिडकी लावली आणि दाराखालच्या फटीत ओढणी कोंबली.

धुराला वाट द्या म्हणणारी मी. सुकटीच्या वासाला वाट बंद केली.

४. लाईट गेल्यास उपकरणाचे बटन आधी बंद करावे.

सकाळी साडेदहाला लाईट गेली. जिन्यात मंगलताईंच्या चपला वाजल्या. मी तवा उचलला, शेगडी पायानं कॉटखाली सारली. कॉटवरून शिवानीची गोधडी लोंबत होती. बटन मी बंद केलं

नाही.

बंद केलं नाही. "बटन मी बंद केलं होतं" असं मी मंगलताईंना सांगितलं, पोलीस आले त्यांना सांगितलं, इतक्यांदा सांगितलं की आत्ता लिहितानाही हात तिकडंच गेला. घरी चुलीतली लाकडं मागं ओढली की चूल विझते. लाईट गेली म्हणजे शेगडी विझली, असं माझ्या अंगाला वाटलं. डोक्याला माहीत होतं. डोक्याला कुणी विचारलं नाही.

धुतलेले कपडे बादलीत होते. बादली घेऊन मी गच्चीवर गेले. जाताना ओढणी फटीतनं काढून खांद्यावर टाकली, दार नुसतं लोटलं.

लाईट परत आली ते मला कळलं. शेजारच्या घराची पाण्याची मोटर घरघरली. मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि एक सलवार झटकून दोरीवर टाकली, मग दुसरी.

"झालं का गं?" मंगलताईंनी खालच्या मजल्यावरून विचारलं.

हे आजचं. बारा दिवसांनंतरचं.

"तीन राहिले, ताई."

"चारला शिवानीचे वडील यायचेत. त्यांच्यापुढं हा पसारा नको. बिचाऱ्यांना आधीच मान खाली घालायला लावलीय पोरीनं."

मी ब्रश डब्यात बुडवला आणि बुडवून तसाच ठेवला. "ताई, ते दार आहे ना—"

"त्या दाराचं नाव काढू नको बाई. सुतार उद्या नवीन बसवतोय. संपला विषय."

विषय संपला म्हटल्यावर मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. बरं वाटलं.

३. आग विझवण्याच्या नळकांड्याला हार, फडके, दोरा काहीही बांधू नये.

हा नियम वाचून नवीन मुली हसतील. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. मेसमधली विळी, सुरी, पोळपाट, मंगलताईंची स्कूटर, आणि त्यात कुणीतरी म्हणालं, आग विझवायचं लाल नळकांडं पण हत्यारच की. मग त्याला हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हार घसरतो म्हणून सुतळीनं मुठीला करकचून बांधला. बांधणारी कोण ते विचारू नका. भारा बांधायची गाठ सगळ्यांना येत नाही.

दसऱ्यापासून मार्चपर्यंत तो हार तिथंच होता. फुलं गेली, सुतळी राहिली.

त्या दिवशी शिवानी केस धुऊन बाथरूममधून आली. खोलीचं दार उघडलं, कॉटखाली जाळ बघितला. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली. व्हरांड्यातला मेन स्विच पाडला. मग नळकांडं आणायला खाली पळाली. साहेबांनी सांगितलं होतं अगदी तसं. सराव तिनं एकटीनंच ऐकला होता.

खाली ती माझी गाठ सोडवत होती. शेवटी दातांनी तोडली म्हणे. दवाखान्यात मला म्हणाली, "सुतळी खाल्ली गं तुझी. वर हळदीची चव."

तेवढ्या वेळात मी वर गच्चीच्या जिन्यातून उतरले.

२. एकदा बाहेर पडल्यावर कोणत्याही कारणासाठी पुन्हा आत जाऊ नये.

ती आत गेली. मी आत होते म्हणून. व्हरांड्यात धूर, उघडं दार आणि आतून माझं खोकणं. नळकांडं फवारत आली, ओल्या केसांनी. जळता पडदा माझ्यावर पडत होता, तो तिनं हातानं बाजूला केला. मग मी तिला धरून बाहेर ओढलं, तेव्हा मंगलताई पोचल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: माया शिवानीला ओढतेय.

मी कुणाला खोटं सांगितलं का? बटनाचं एक सोडलं तर नाही. "मी गच्चीवर होते," खरं. "खाली आले तर सगळीकडं धूर," खरं. "शिवानीला बाहेर काढलं," खरं. मधला एक तुकडा मी कुणाला दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेले, तर हाताला हे मोठं बँडेज.

"खरपूस झाले का गं?" शिवानी म्हणाली.

"गप."

"बोल की. सुकट तुझी आणि भाजले मी."

मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "दार कसं उघडलं विचारत होते सगळे. मी म्हटलं, मी कडी लावून गेले होते. एवढंच म्हटलं."

"मग?"

"मग काय. पुढचं माया सांगेल म्हटलं मनात."

मी तिला मोसंबं सोलून दिलं. एकेक फोड सोलली, पांढरे धागे काढले, बिया काढल्या. भेटायची वेळ संपेपर्यंत मोसंबं पुरवलं. त्यानंतर मी गेले नाही.

धनाजीकाका चारच्या आधीच आले. शिवानीचे वडील. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, नसरापूरला गाडी बदलून आलेला माणूस जसा दिसतो तसे. चपला दाराबाहेर काढल्या. वसतिगृहात कुणी काढत नाही.

मंगलताई पुढं आल्या. काकांनी हात जोडले. नुसता नमस्कार नव्हता तो. जोडलेले हात त्यांनी कपाळापर्यंत नेले आणि तिथंच ठेवले.

"ताई, पोरीनं चुकी केली. तुमच्या तेवीस लेकी व्हत्या हितं. कुनाला काय झालं असतं तर मी कुठं तोंड दावलं असतं? म्या तिला लई बोललो. दार उगडं टाकून पळायचं? येवढी शिकलेली पोर."

"असू द्या हो, काका."

"न्हाई ताई, माफी असावी. शेगडी मीच दिलीती."

मी स्टुलावर होते. वरच्या, पहिल्या नियमाच्या रेघेसमोर. त्यांच्या टोपीचा माथा मला दिसत होता, कडेला शिवण उसवलेला. माझ्यासाठी कुणीतरी माफी मागत होतं आणि मी उंचावर उभी राहून ती घेत होते.

मग त्यांनी मला बघितलं. चेहरा एकदम उघडला.

"माया नव्हं तू? खाली ये बाय. तू व्हतीस म्हून आमची पोर हाताला लागली. तिनं सांगितलं सगळं, तू वढलंस म्हून." पिशवीतनं स्टीलचा डबा काढून त्यांनी माझ्या स्टुलाजवळ ठेवला. "पिठलं-भाकर हाय. शिवानी म्हनली, मायाला न्या, ती मेसचं खात न्हाई."

मी खाली उतरले नाही. उतरले असते तर डबा घ्यावा लागला असता, आणि डबा घेतला असता तर मी कायमची ती झाले असते, शिवानीला वाचवणारी.

ब्रश रंगात बुडवला.

१. आग लागल्यास खोलीचे दार बंद करून बाहेर पडावे.

काका चष्मा लावून खालून वाचत होते. सावकाश, तोंडानं, एकेक शब्द. "...करून... भायेर... पडावे. व्हय. हेच तिला कळलं न्हाई."

रेघा संपल्या होत्या. वर मथळ्याची जागा कोरी होती. तिथं 'आगीचे नियम' असं यायचं होतं. मी हात वर केला. या वेळी आपोआप नाही गेला. जड होता.

शिवानीने दार बंद केले होते. मायाने उघडले.

"शिवानीने... दार... बंद... केले... होते..." काका वाचत आले आणि थांबले. पुढचे दोन शब्द त्यांनी तोंडानं वाचले नाहीत.

मंगलताई स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होत्या. फलक बघून कप जिन्याच्या कठड्यावर ठेवला.

"हे काय लिहिलंयस?"

"झालं ते," मी म्हटलं. "मी जिन्यातून खाली आले, ताई. दाराखालून धूर येत होता. कडी बाहेरून लावलेली होती. मला वाटलं, कुणा येडीनं धूर आत कोंडलाय. मी कडी काढली. आत जाऊन खिडकीची दोन्ही दारं उघडली, धुराला वाट मिळावी म्हणून. घाटाकडनं वारा होता. जाळ कॉटखालून निघाला आणि छताला लागला, मग दारातनं बाहेर. शिवानी नंतर आली. माझ्यासाठी आत आली. शेगडी पण मीच लावली होती. बटन मी बंद केलं नव्हतं."

व्हरांड्यात दोन-तीन मुली येऊन उभ्या होत्या. जानेवारीत मी हसवलेल्या.

"आत्ता सांगतेस?" मंगलताई म्हणाल्या. "बारा दिवस? अहवाल गेला वर, सह्या झाल्या माझ्या." त्यांनी कोपऱ्यातलं फडकं उचललं, टर्पेंटाईनची बाटली उघडली. "पुस ते आधी. काय ते कागदावर लिहून दे मला. भिंतीवर असलं टांगायचं नसतं. पुस."

"ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले.

ते ओरडले नव्हते. फक्त टोपी काढून हातात घेतली होती.

"वाळू द्या त्ये." मग माझ्याकडं न बघता, "तिला ठावं व्हतं?"

"व्हय, काका."

"आन् मला सांगितलं न्हाई. म्या तिला दवाखान्यात सगळ्यांदेखत बोललो. भाजलेल्या हाताची पोर, गप ऐकून घेतलं." ते जिन्याच्या पायरीवर बसले. "दार लावलं म्हनत व्हती एकदा. म्या म्हनलं, खोटं बोलू नगंस."

मंगलताईंनी फडकं खाली ठेवलं. मग फोन घेऊन बाहेर गेल्या. संस्थेच्या समितीतल्या माणसाशी त्या पंधरा मिनिटं बोलत होत्या, तो सगळा वेळ आम्ही दोघं जिन्याशी होतो. मी स्टुलावरून उतरले होते. कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं.

त्या परत आल्या. "उद्या बैठक घेतो म्हणाले. मायाचा लेखी जबाब पाहिजे. शिवानीचं मग बघू म्हणाले. हिचंही बघावं लागेल."

"मंग पेटी न्यू का ठिवू?" काकांनी विचारलं. "येवढं सांगा."

मंगलताईंनी फलकाकडं बघितलं, मग दाराजवळ काढून ठेवलेल्या हिरव्या पत्र्याच्या पेटीकडं. एका बाजूचा रंग जळून फोड आले होते. "ठेवा," त्या म्हणाल्या. "तोवर माझ्या खोलीत राहील."

काका उठले. मला वाटलं, आता जातील. ते गेले नाहीत. स्टुलाजवळचा डबा उचलून त्यांनी झाकण काढलं आणि माझ्यापुढं धरला.

"खा."

"काका, नको—"

"तिनं दिलाय. मला वाटंत फेकता येत न्हाई आन् माघारी नेता येत न्हाई. खा."

मी जिन्यात बसून खाल्लं. भाकरी सकाळची, पिठलं घट्ट झालेलं, लसणाचं. बोटांना रंग होता, टर्पेंटाईननं पुसूनही वास जात नव्हता. काका समोर उभे. मुली वरून बघत होत्या. प्रत्येक घास सगळ्यांना दिसला. बारा दिवसांत मी बरंच काही गिळलं होतं, पण असं नाही.

डबा घासला. रिकामा डबा माघारी द्यायचा नसतो, आमच्याकडं तरी नाही, पालीलाही नसणार. माझ्या खोलीतलं धान्य, गूळ, सगळं काळं झालं होतं. मंगलताईंच्या टेबलावर बसून मी जबाब लिहिला. राबापासून लिहिला, सुकट, ओढणी, बटन, मोटरचा आवाज, सुतळीची गाठ, कडी. एक प्रत त्यांना दिली. दुसरी घडी करून डब्यात घातली आणि झाकण लावलं.

काकांनी डबा हलवून बघितला. आत काहीतरी सरकलं.

"काय घातलंस?"

"शिवानीला द्या."

"ग्वाड हाय का?"

"न्हाई, काका."

त्यांनी डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या. पायरी उतरून थांबले. फलकाकडं एकदा बघून म्हणाले, "ती खालची वळ पुसली बग. तुजी बाही लागली."

खरंच लागली होती. सहावा नियम अर्धा गेला होता. ते रस्त्याला लागले, आणि मी स्टूल बाजूला सारून जमिनीवर बसले. ती ओळ सगळ्यात खाली होती. उभं राहून लिहिता येत नव्हती.